तिकीट काढल्यानंतर उतरलेले भाडे

विमानाचे तिकीट काढून झाल्यावर त्याच विमानाचे, त्याच तारखेचे भाडे उतरले, तर जुने तिकीट रद्द करून किंवा बदलून कमी भावाने पुन्हा जागा घेता येते. फरकाची रक्कम वाचते. मात्र ती रद्द करण्याच्या आकारापेक्षा मोठी असली तरच खरी बचत होते. भारतातील देशांतर्गत स्वस्त तिकिटांवर तसे क्वचितच घडते. लांबच्या परदेशी प्रवासात आणि तिकीट काढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मात्र बऱ्याचदा घडते.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या मांडव्याच्या जेट्टीवर असा हिशेब करावा लागत नाही. गेटवे ऑफ इंडियाकडे जाणाऱ्या लाँचचे किंवा कॅटामरानचे भाडे बोट कोणती आणि बसायचे कोणत्या डेकवर, यावर ठरते. शेजारी बसलेल्या प्रवाशाने किती रुपये मोजले, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही, कारण उत्तर ठाऊक असते. तीच मंडळी पुढे मुंबईच्या विमानतळावरून उडतात तेव्हा एकाच रांगेतल्या तीन आसनांचे भाव तीन असू शकतात, आणि तिन्ही जण आपापल्या परीने बरोबर असतात.

हा फरक पडतो तो जागा विकण्याच्या पद्धतीमुळे. विमानाच्या साध्या वर्गात दीड-पावणेदोनशे जागा असल्या तरी कंपनी त्या एका भावाने विकायला काढत नाही. त्यांचे आठ-दहा किंवा त्याहून जास्त टप्पे पाडले जातात. प्रत्येक टप्प्याला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर आणि एक भाव दिलेला असतो, आणि कोणत्या टप्प्यात किती जागा खुल्या ठेवायच्या ते संगणकाची यंत्रणा ठरवत राहते. स्वस्त टप्पा संपला की पुढचा महाग टप्पा दिसू लागतो. भाडे ‘वाढले’ असे प्रवासी म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कोणी भाव वाढवलेला नसतो, खालचा टप्पा भरलेला असतो. उलटही होते. निघण्याच्या तीन आठवडे आधी जितकी विक्री अपेक्षित होती तितकी झाली नाही, एखाद्या गटाने घेऊन ठेवलेल्या जागा सोडून दिल्या, स्पर्धक कंपनीने त्याच मार्गावर नवे विमान सुरू केले किंवा सवलत जाहीर केली, की बंद झालेला खालचा टप्पा पुन्हा उघडतो. पुन्हा तिकीट काढून पैसे वाचतात ते या उघडलेल्या दारातून. ते किती वेळ उघडे राहील, हे बाहेरच्या कोणालाही सांगता येत नाही.

ही पद्धत अमेरिकेत रुजली. १९७८ च्या कायद्याने तिथे विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या उतरल्या. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडॉल यांनी १९८५ मध्ये पीपल एक्स्प्रेस या कंपनीला उत्तर देताना सगळी विमाने स्वस्त केली नाहीत. रिकाम्या जाणार होत्या तेवढ्याच जागा, आगाऊ आरक्षणाच्या अटीवर, स्वस्त केल्या. घाईत जाणारा व्यापारी पूर्वीचाच भाव देत राहिला. पीपल एक्स्प्रेस दोन वर्षांत संपली. भारतात १९५३ चा हवाई महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द होईपर्यंत नियमित देशांतर्गत सेवा सरकारी मक्तेदारीच होती. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवास आणला आणि तिच्या एक रुपयाच्या जागांची चर्चा घराघरांत झाली. आधी काढणाऱ्याला स्वस्त आणि उशिरा येणाऱ्याला महाग, हे गणित सामान्य मराठी प्रवाशाला कळले ते तेव्हापासून.

आज भारतात भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. सरकार हात घालते ते अपवादाने. करोनाच्या काळात मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ च्या अखेरीपर्यंत किमान आणि कमाल भाड्याचे पट्टे लागू होते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये ते १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये अशी तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. एरवी भाव खुला आहे आणि तो दोन्ही दिशांनी हलतो.

आता तिकिटाच्या पोटात काय असते ते पाहावे लागते, कारण परत किती मिळणार हे तिथेच ठरते. तिकिटाची रक्कम म्हणजे मूळ भाडे, त्यावर कंपनीने लावलेला इंधन अधिभार, जीएसटी (साध्या वर्गासाठी ५ टक्के) आणि विमानतळाचे वापरकर्ता शुल्क यांसारखे आकार. यांच्या जोडीला संकेतस्थळाचा ‘कन्व्हिनियन्स फी’ नावाचा आकार येतो, जो साधारणपणे कधीच परत मिळत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१६ मध्ये परताव्याचे नियम कडक केले. रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांपेक्षा जास्त असता कामा नये. कर आणि विमानतळाची शुल्के तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असले तरी परत द्यावी लागतात, प्रवासी विमानाला गेलाच नाही तरीही. परतावा करून देण्यासाठी वेगळा आकार घेता येत नाही. पैसे परत घ्यायचे की कंपनीच्या खात्यात पुढच्या प्रवासासाठी ठेवायचे, हे प्रवाशाने ठरवायचे. कंपनीने परस्पर ठरवायचे नाही. विमान चुकले म्हणून सगळेच पैसे बुडाले असे समजून गप्प बसणारे लोक दर तिकिटामागे काही शे रुपये कंपनीकडे सोडून देतात. मागितल्याशिवाय ते सहसा येत नाहीत.

हिशेब मांडून पाहिला की देशांतर्गत अडचण कळते. समजा, मुंबई–दिल्ली तिकीट ६,२०० रुपयांना काढले. त्यात मूळ भाडे आणि अधिभार मिळून ५,०००. दहा दिवसांनी तेच तिकीट ४,६०० ला दिसते. फरक १,६०० रुपयांचा. कंपनीचा रद्द करण्याचा आकार ३,००० असेल, तर नवे तिकीट काढणारा १,४०० रुपयांनी आणखी खड्ड्यात जातो, वर नवी कन्व्हिनियन्स फी. तिकीट मुळातच स्वस्त, म्हणजे मूळ भाडे १,८०० चे असेल, तर रद्द करण्याचा आकार ते सगळे मूळ भाडे गिळतो आणि हातात फक्त कर उरतात. म्हणून देशांतर्गत प्रवासात भाड्यावर डोळा ठेवून बसण्यापेक्षा तिकीट काढतानाच थोडे महाग पण बदलता येणारे भाडे घ्यावे की नाही, हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो. तारीख पक्की असेल तर बहुधा घेऊ नये. लग्नकार्य, परीक्षा किंवा दवाखान्याची तारीख हलण्यासारखी असेल, तर घ्यावे.

रद्द करण्याच्या आकाराला एक मोठा अपवाद आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. २०१९ च्या प्रवासी सनदेने तिकीट काढल्यापासून २४ तासांच्या आत ते आकार न भरता रद्द करण्याची किंवा बदलण्याची मुभा दिली. अट इतकीच होती की प्रवासाला किमान सात दिवस शिल्लक हवेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मुदत ४८ तासांची करण्याचा मसुदा महासंचालनालयाने काढला; म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी कोणती मुदत आणि कोणत्या अटी लागू आहेत हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घेणे बरे. या सवलतीचा खरा उपयोग मत बदलणाऱ्यांपेक्षा भाव शोधणाऱ्यांना आहे. बरा भाव दिसला की तिकीट काढून टाकायचे, आणि त्याच रात्री व दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे दुसरी वेळ, दुसरी कंपनी, आदल्या-पुढच्या दिवसाचे भाडे पाहायचे. स्वस्त सापडले तर पहिले सोडायचे. एजंटमार्फत किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटावर मात्र एजंटचा स्वतःचा आकार लागू शकतो. त्यामुळे हा खेळ खेळायचा तर तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलेले बरे.

मुदत उलटून गेल्यावर दोन मार्ग उरतात: तिकीट बदलणे आणि रद्द करून नवे काढणे. दोन्ही सारखे वाटतात, तसे ते नाहीत. बदलताना नवे भाडे जास्त असेल तर फरक वसूल होतो; कमी असेल तर फरक परत देण्याची तयारी प्रत्येक कंपनीची आणि प्रत्येक भाड्याची वेगळी असते, आणि स्वस्त भाड्यांत तो बहुधा मिळत नाही. म्हणून भाव उतरल्याचा फायदा घ्यायचा असेल तर अनेकदा रद्द करून नवे काढणे हाच मार्ग उरतो. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी नवे तिकीट हातात घ्यावे, मग लगेच जुने रद्द करावे. आधी रद्द केले आणि तेवढ्यात खालचा टप्पा संपला, तर आपणच सोडलेली जागा महाग टप्प्यात जाऊन बसलेली दिसते. दोन्ही तिकिटे फार वेळ एकत्र ठेवणेही बरे नाही. एकाच नावाची एकाच विमानावर दोन आरक्षणे आढळली की काही कंपन्यांची यंत्रणा त्यांतले एक आपोआप काढून टाकते, आणि ते कोणते असेल हे आपल्या हातात नसते.

भावाची तुलना करताना सारख्याशी सारखे पाहावे लागते. जुन्या भाड्यात पंधरा किलो सामान, जेवण, आधी निवडलेले आसन असेल आणि नव्यात फक्त हातातली पिशवी, तर हजार रुपयांचा फरक सामानाच्या काट्यावरच संपतो. आधीच्या तिकिटावर बँकेच्या कार्डाची सवलत मिळाली असेल, तर ती पुन्हा मिळेल असे नाही.

कुटुंबाच्या तिकिटांत आणखी एक गंमत आहे. चार जणांसाठी एकदम शोध घेतला आणि स्वस्त टप्प्यात दोनच जागा उरल्या असतील, तर यंत्रणा साधारणपणे चौघांनाही वरच्या टप्प्याचा भाव दाखवते. दोन-दोन जणांसाठी वेगळा शोध घेतला तर दोघे स्वस्तात आणि दोघे महागात बसतात. भाव उतरल्यावरही हेच लागू पडते: चौघांचे जमत नसले तरी दोघांचे जमू शकते. मात्र आरक्षण तोडले की पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे क्रमांक, दोन होतात, आणि विमान रद्द झाले तर कंपनी दोन्ही पीएनआर एकाच पर्यायी विमानावर बसवेलच असे नाही. लहान मुले किंवा म्हातारी माणसे बरोबर असतील तर पाचशे-सातशे रुपयांसाठी ही तोडातोड करू नये.

मांडव्याहून निघणाऱ्याला या सगळ्यावर आणखी एक हिशेब करावा लागतो, आणि तो विमानाच्या तिकिटावर छापलेला नसतो. स्वस्त मिळालेले विमान किती वाजताचे आणि कोणत्या विमानतळावरचे, यावर बाकीचा खर्च ठरतो. मुंबईचा जुना विमानतळ मांडव्याला समुद्रमार्गे जवळ पडतो. लाँचने गेटवे आणि तिथून टॅक्सी. किंवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो तीन. तिची स्थानके विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांजवळ आहेत आणि गेटवेहून हुतात्मा चौक स्थानक फार लांब नाही. डिसेंबर २०२५ मध्ये वाहतूक सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ मात्र मांडव्याहून रस्त्याने गाठायचा: पोयनाड, वडखळ, पेण करत पनवेलकडे. तिकिटांच्या संकेतस्थळावर ‘मुंबई’ असा शोध घेतला की दोन्ही विमानतळांची भाडी एकाच यादीत येऊ शकतात. स्वस्त दिसले म्हणून जुन्या विमानतळाचे तिकीट सोडून नव्याचे घेतले, तर आठशे रुपये वाचवून गाडीभाड्याला त्याच्या कित्येक पट घालावे लागतील. उलट ज्याच्या दारात गाडी आहे आणि बरोबर चार माणसे आहेत, त्याला नवी मुंबईच परवडेल.

वेळेचे तसेच. रात्री उशिरा उतरणारी विमाने स्वस्त असतात. मुंबईत राहणाऱ्याला ती सोयीचीही वाटतात. पण रात्री अकराला उतरलेल्या माणसासाठी गेटवेवर लाँच उभी नसते. हॉटेलची खोली, नातेवाइकांचे घर किंवा रात्रीची टॅक्सी, यांपैकी काहीतरी करावे लागते, आणि त्यातले फुकट फक्त नातेवाइकांचे घर.

पावसाळ्यात हा गुंता वाढतो. देशांतर्गत विमानभाडी साधारण शाळा सुरू झाल्यापासून सणांची गर्दी सुरू होईपर्यंत सैल असतात. कंपन्यांच्या पावसाळी सवलती याच काळात निघतात आणि आधी काढलेल्या तिकिटांचे भाव उतरलेले दिसतात तेही याच काळात. गेटवे–मांडवा लाँच आणि कॅटामरान नेमक्या याच महिन्यांत, सुमारे जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असतात. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट पावसाळ्यातही चालते, गाड्याही नेते, पण समुद्र खवळला की तिच्या फेऱ्याही रद्द होतात. त्यामुळे जुलैमध्ये पहाटेच्या विमानाचे स्वस्त तिकीट घेणाऱ्या किनाऱ्यावरच्या प्रवाशाने आदल्या दिवशीच मुंबई गाठायची किंवा रस्त्याने निघायचे, हे धरूनच भाव बघावा. या महिन्यांपुरता नवी मुंबईचा विमानतळ जास्त भरवशाचा.

परदेशी प्रवासात चित्र पालटते, कारण भाडी मोठी असतात आणि चढउतारही मोठे असतात. समजा, मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांची दोन तिकिटे प्रत्येकी १,१०,००० ची आहेत आणि महिन्याभरात भाडे ९२,००० वर आले. बदलाचा आकार माणशी ७,००० असला तरी दोघांमिळून २२,००० रुपये वाचतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२० मध्ये, करोनाच्या काळात, बहुतेक भाड्यांवरचा बदलाचा आकारच काढून टाकला. सर्वांत स्वस्त ‘बेसिक’ वर्ग मात्र यातून बहुधा वगळलेला असतो. त्यामुळे न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणारी मराठी कुटुंबे तिथे काढलेल्या तिकिटाचे भाडे उतरले की फरक कंपनीच्या ‘क्रेडिट’ स्वरूपात सहज परत मिळवतात. पैसे रोख येत नाहीत आणि क्रेडिटला मुदत असते, एवढे ध्यानात ठेवावे. तिकीट भारतात, भारतीय एजंटकडून निघाले असेल तर त्याला लागू होणारा नियम वेगळा असू शकतो. म्हणून मुलाने तिकडून काढायचे की वडिलांनी इकडून, हे ठरवताना भावाइतकाच भाड्याचा नियम वाचावा. परतीच्या तिकिटात दोन्ही बाजूंचे भाडे एकत्र बांधलेले असते. जाण्याची बाजू दुसरीकडे स्वस्त दिसते म्हणून जुन्या तिकिटातली ती बाजू न वापरता सोडून दिली, तर पुढचा सगळा प्रवास रद्द धरला जातो.

रायगडच्या किनाऱ्यावर जहाजावर नोकरी करणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी विमान कंपन्यांची वेगळी ‘मरीन’ भाडी असतात. जहाज बंदरात कधी लागेल याची खात्री नसल्याने ही तिकिटे शेवटच्या क्षणी बदलण्याची मुभा सैल असते आणि सामानही जास्त नेता येते. ती जहाज कंपनी किंवा तिचा एजंट काढतो आणि खलाशाची कागदपत्रे त्यासाठी लागतात. घरच्या माणसांना त्या भाड्याने सहसा जाता येत नाही.

भाव उतरण्याची वाट न पाहताही एक संधी येते: कंपनीने स्वतःच वेळ बदलली तर. उड्डाण रद्द झाले तर प्रवाशाला पूर्ण परतावा किंवा पर्यायी विमान मागता येते. वेळेत मोठा फेरफार झाला तरी कंपन्या बहुधा फुकट बदल किंवा पूर्ण परतावा देतात. महिनाभर आधी आलेला ‘आपल्या विमानाची वेळ बदलली आहे’ हा संदेश लोक नुसता वाचून सोडतात. त्या दिवशी त्या मार्गाचे भाडे उतरलेले असेल, तर परतावा घेऊन नवे तिकीट काढण्याचा तो सर्वांत सोपा मुहूर्त असतो. मांडवेकरांना त्यात आणखी सोय: सकाळची पहिली लाँच पकडून न गाठता येणारे विमान दुपारवर ढकलून घेता येते.

भाडे उतरले हे कळावे कसे, तर त्यासाठी रोज संकेतस्थळ उघडून बसावे लागत नाही. गुगल फ्लाइट्ससारख्या सेवांवर ठरावीक तारखेचा मार्ग ‘ट्रॅक’ करून ठेवला की बदल ईमेलवर येतो. देशांतर्गत तिकिटासाठी आकार न भरता रद्द करण्याची मुदत संपेपर्यंत, परदेशीसाठी तिकीट काढल्यापासून निघण्याच्या तीन-चार आठवडे आधीपर्यंत लक्ष ठेवणे पुरे. त्यानंतर भाडी बहुधा चढतातच.

परतावा किती दिवसांत यावा हेही नियमात आहे. २०१६ च्या नियमांत क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून घेतलेल्या तिकिटासाठी सात दिवस आणि एजंटमार्फत घेतलेल्यासाठी तीस कामकाजाचे दिवस अशी मुदत होती. एजंटच्या तिकिटाचीही परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच आहे, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी मानला जातो. पैसे अडकले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या ॲपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानेही काम झाले नाही, तर रायगड जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबागला आहे, आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागण्याची मुभा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली आहे.